गोठ्याची सहल : वाचकांच्या शंका आणि पशुवैद्यकाची उत्तरे

प्रश्न : पाचवीच्या चाळीस विद्यार्थ्यांना गोठा दाखवायचा आहे. धार काढतानाच नेता येईल का? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : अवश्य न्यावे, मात्र सर्वांना एकदम नेऊ नये. सड धुताना होणाऱ्या स्पर्शामुळे गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक येते आणि कासेत साठलेले दूध सडांकडे उतरते; यालाच आपण पान्हा सोडणे म्हणतो. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो. त्या अवधीत आरडाओरड झाली, फुगा फुटला किंवा कोणी अचानक पाठीमागून आले, तर घाबरलेल्या गाईच्या शरीरात ॲड्रेनलिन वाढते, पान्हा आखडतो आणि कासेत दूध राहून जाते. यात शेतकऱ्याचे नुकसान तर होतेच, शिवाय कासदाहाचा, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराचा, धोकाही वाढतो. म्हशी याबाबत गाईंपेक्षाही हळव्या असतात. म्हणून आठ-दहा मुलांचा गट करून, जनावराला दिसेल अशा बेताने, बाजूला आणि थोडे दूर उभे राहावे. थेट मागची जागा जनावराला दिसत नाही आणि तिथे लाथ बसू शकते. उरलेल्या मुलांना तोवर वासरे, मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) आणि रवंथ करणाऱ्या गाई दाखवता येतील. कडबाकुट्टीचे यंत्र मात्र बंद असतानाच दाखवावे. त्याने अनेकांची बोटे आणि हात गेले आहेत. दुसरी धार संध्याकाळी काढतात, तेव्हा शाळेला तीच वेळ सोयीची.

प्रश्न : मुलांना धारोष्ण दूध पाजावे, असा आजोबांचा आग्रह आहे. (पालक, नाशिक)

उत्तर : आजोबांचा मान राखून ठामपणे नकार द्यावा. ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि क्षयाचे जंतू वरून निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या दुधातूनही येऊ शकतात, आणि गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी ते नजरेने ओळखता येत नाहीत. तेच दूध तिथेच चुलीवर उकळून घेतले, तर मुलांना ताज्या दुधाची चवही कळेल.

प्रश्न : एकाच दिवशी दोन गोठे पाहिले तर चालेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चपला आणि कपड्यांवरून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. माणसाला त्याची बाधा जवळपास होत नाही, म्हणूनच आपण बेफिकीर राहतो. मात्र गाईच्या तोंडात आणि खुरांत फोड येऊन तिचे दूध घटते आणि वासरे दगावतात. धुतलेल्या पादत्राणांनी एकच गोठा नीट पाहावा. निघताना साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत; शेणमातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसे काम करत नाही. पाच वर्षांखालील मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. गर्भवती स्त्रियांनी व्यायलेल्या किंवा गाभडलेल्या जनावराजवळ जाऊ नये.

प्रश्न : ‘वासराला आईपासून वेगळे का बांधले?’ असे मुलीने विचारले, तर काय सांगावे? (आई, कोल्हापूर)

उत्तर : खरे तेच सांगावे. गाय जे दूध देते त्यातील मोठा वाटा माणसे घेतात, आणि वासराला मोजून पाजता यावे म्हणून अनेक गोठ्यांत ते वेगळे ठेवले जाते. गाईच्या गर्भाशयातून वासराला प्रतिपिंडे, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिने, मिळत नाहीत. ती चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून, मिळतात आणि जन्मानंतर सुमारे चोवीस तासांत ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता संपते. त्यामुळे चीक वेळेवर मिळाला का आणि नर वासरांचे पुढे काय होते, हे दोन्ही प्रश्न मुलीने गोठामालकाला स्वतःच विचारावेत.