पासवर्ड विचारला नाही? मग फाइल गेलीच नाही

प्रश्न: लग्नाचे व्हिडिओ एडिट करून एससीपीने (एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल कॉपी करणारी कमांड) भाड्याच्या सर्व्हरवर टाकते. परवा १८ जीबीची फाइल पाठवली, एरर वगैरे काही नाही पण सर्व्हरवर फाइलच नाही! आणि एरवी मधेच लाइट गेली की परत पहिल्यापासून. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी आठवून बघा, परवा पासवर्ड विचारला होता का? नसेल तर कमांडमध्ये सर्व्हरच्या नावानंतरचा कोलन (:) राहिला असणार. कोलन दिसला तरच एससीपीला कळतं की हे दुसरं मशीन आहे, नाहीतर ते तुमच्याच फोल्डरमध्ये कॉपी करून मोकळं होतं आणि त्या कॉपीला नाव देतं तुमचं युजरनेम, अ‍ॅट आणि सर्व्हरचं नाव असं सगळं एकत्र. एलएस (फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून बघा, १८ जीबी तिथेच पडलेले सापडतील, त्या नावाची कॉपी तेवढी उडवा आधी, डिस्क भरेल उगाच.

आता लाइटचं. एससीपीला तुटलं तिथून पुढे जाताच येत नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या फाइलला आरसिंक ही फाइल पाठवायची दुसरी कमांड वापरा, कॅपिटल पी (-P) लावून. मधे तुटलं तरी गेलेला भाग तसाच ठेवतं, तीच कमांड परत दिली की तो तपासून उरलेलंच पाठवतं. एससीपीने सर्व्हरवर अर्धवट टाकलेली फाइलसुद्धा त्याला चालते, नाव तेच ठेवा आणि ती डिलीट करू नका. फक्त आरसिंक दोन्हीकडे इन्स्टॉल हवं, विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाका. आणि एक घोळ होतो बघा, एससीपीत कॅपिटल पी म्हणजे पोर्ट, इथे तसं नाही.

कोलन इथेही एकच द्यायचा हं! एक दिला की फाइल एसएसएचमधून (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम) एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधे कुणाला वाचता येणार नाही अशी जाते, चुकून दोन दिले तर आरसिंक थेट त्याच्या स्वतःच्या सर्व्हिसकडे जातं आणि तिथे एन्क्रिप्शन नसतं. लोकांच्या घरचे व्हिडिओ आहेत, असे उघड्यावर नकोत जायला. एसएसएच जन्मालाच यासाठी आलं, १९९५ साली हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले आणि मग तिथल्या टाटू युलोनेनने ते लिहिलं. म्हणून सर्व्हरची ओळख बदलल्याची वॉर्निंग कधी आली तर तुमच्या मशीनवरची त्या सर्व्हरच्या ओळखीची जुनी नोंद घाईने पुसू नका, आधी होस्टिंगवाल्याला फोन करून विचारा सर्व्हर बदललाय का.

तरी अडलं तर कमांड जशीच्या तशी पाठवा, फक्त सर्व्हरचा पत्ता खोडून.