जिप्सम बोर्डाच्या फटी, टेप आणि चवथीची घाई

ताई, तुमचा प्रश्न वाचला. डिचोलीच्या घरात हॉलमध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घातलंय, दोन बोर्डांमध्ये कुठे दोन-तीन एमएम तर कुठे करंगळी शिरेल एवढी फट राहिलीय आणि मिस्त्री म्हणतो टेप-बीप काही नको, पीओपी भरून वरून पुट्टीचे दोन हात मारतो, चवथीच्या आधी मोकळं करून देतो. जॉइंटवर लावायच्या टेपशिवाय अजिबात करू देऊ नका. चतुर्थीला भिंत छान दिसेल, पण पाऊस सरून हवा कोरडी झाली की दिवाळीच्या आसपास जॉइंटवर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ उठायला लागेल. ती रेघ पुट्टीने बुजवली तरी परत येते, कारण दोष वरच्या थरात नसतोच.

बोर्ड पत्र्याच्या चॅनलवर स्क्रूने बसवलेला असतो, दार आपटलं, हवेत ओल वाढली, मग कमी झाली, की तो किंचित हलतो. फटीत भरलेला माल कडक असतो, त्याला ताण सोसत नाही. टेप तो ताण दोन्ही बोर्डांवर चिकटलेल्या जाड कागदावर वाटून देते, तिचं काम तेवढंच आणि ते दुसरं कोणी करत नाही.

म्हणून आधी एक तपासा. जॉइंटच्या शेजारी तळहाताने जोर देऊन दाबा. एक बोर्ड आत जातो आणि शेजारचा जागेवर राहतो असं झालं तर मागे चॅनल नाहीये किंवा स्क्रू चुकलेत, तिथे टेपसुद्धा टिकणार नाही, आधी आधार द्यायला लावा. स्क्रू साधारण 8-9 इंचावर हवेत आणि डोकं कागदाच्या जरा खाली पण कागद न फाडता. कागद फाटून स्क्रू आत घुसला असेल तर त्याने काहीच धरलेलं नाही, बाजूला दुसरा मारायचा. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्याच्या रेषेत जॉइंट आलाय का तेही बघा, सगळ्यात आधी तडा तिथेच जातो, तिथला बोर्ड इंग्रजी एल आकारात कापून बसवायला हवा होता, अजून बदलता येत असेल तर बदलून घ्या.

आता फटी. कारखान्यातून आलेली लांब कड थोडी उतरती असते, टेप बसायला तिथे जागा मिळते. कापलेली कड मात्र सपाट आणि भुसभुशीत, ती कटरने तिरकी तासायची म्हणजे दोन बोर्डांमध्ये व्ही आकाराची खाच तयार होते, लोंबणारा कागद कापून टाकायचा, धूळ ब्रशने झाडायची आणि उघडं जिप्सम ओल्या ब्रशने जरा ओलसर करायचं, नाहीतर ते मालातलं पाणी ओढून घेतं आणि माल कडेला धरतच नाही. मोठ्या फटी टेपच्या आधी भरायच्या, पोकळ जागेवर टेप ताणून लावली की ती आत बसते नाहीतर फुगते. भरायला पावडरमध्ये पाणी घालून कालवतात ते घट्ट होणारं जॉइंटिंग कंपाउंड चांगलं, पीओपीही चालेल. पत्र्याने, म्हणजे पुट्टी ओढायच्या पात्याने, फटीला आडवं दाबत न्यायचं म्हणजे माल मागच्या बाजूला थोडा बाहेर येऊन अडकून बसतो. वरची पातळी बोर्डापेक्षा किंचित खाली ठेवा, वर आलेला माल नंतर घासत बसावं लागतं. घट्ट व्हायला लागलेल्या मालात परत पाणी घालून ढवळतात ते थांबवा, असा माल नंतर खडूसारखा झडतो.

टेप कुठली? जाळीची टेप चिकटते म्हणून मिस्त्री लोकांना सोपी, पण ती पावडरच्या कंपाउंडबरोबरच वापरावी. डब्यातलं तयार कंपाउंड असेल तर पेपर टेप घ्या. मी सपाट जॉइंटला आणि आतल्या कोपऱ्याला पेपरच सांगेन. आधी जॉइंटवर कंपाउंडचा थर, त्यावर टेप मध्यावर, मग मधून दोन्हीकडे पत्रा दाबत न्यायचा, कडेने थोडा माल बाहेर आला पाहिजे. कोरड्यावर चिकटवलेली जागा वाळल्यावर नख मारलं की पोकळ वाजते, तेवढा तुकडा कापून परत करायचा.

त्यावर दोन हात, दरवेळी जास्त रुंद. उतरत्या कडेला शेवटचा हात 10-12 इंच, कापलेल्या कडांच्या जॉइंटला त्याहून बराच रुंद, कारण तिथे टेपचा उंचवटा लपवायचा असतो. रात्री दिवे बंद करून मोबाईलची टॉर्च भिंतीला टेकवून तिरकी मारा, जिथे सावली पडते तिथे अजून काम आहे.

आणि वाळवणं, आपल्याकडे सगळं इथेच बिघडतं. डब्यातलं कंपाउंड फक्त पाणी उडूनच वाळतं आणि ऑगस्टमध्ये गोव्याच्या हवेत पाणी उडायला तयार नसतं. पावडरचं तासा-दोन तासात कडक होतं पण आत ओल असतेच. हाताची मागची बाजू लावून बघा, गार लागलं किंवा रंग काळपट दिसला तर पुढचा हात नको. पाऊस चालू असताना खिडक्या उघड्या ठेवून उपयोग नाही, बंद करून पंखा आणि असेल तर एसी ड्राय मोडवर ठेवा. हॅलोजन लावून घाई करू नका, वरून वाळतं आणि चिरा पडतात. घर कौलारू असेल तर आधी गळती बघा, ओल सोसणारा म्हणून मिळतो तो हिरवा बोर्डसुद्धा पाण्यात टिकत नाही.

पूर्ण भिंतीवर पुट्टीच्या आधी प्रायमर हवाच, कंपाउंड आणि कागद पाणी वेगवेगळं शोषतात. व्हाइट सिमेंटची पुट्टी थेट मारू नका, अॅक्रिलिक घ्या. पार्टिशन जिथे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला भिडतं ती फट कडक मालाने न भरता रंग धरणाऱ्या अॅक्रिलिक सीलंटने भरा, सिलिकॉनवर रंग बसत नाही. खाली जमिनीपासून सेंटीमीटरभर सोडलेलं असेल तर ते बुजवू नका, लादी पुसताना बोर्ड पाणी ओढतो, तिथे स्कर्टिंग येऊ दे.

हॉलमध्येच गणपती बसत असेल आणि सीलिंगलाही बोर्ड घालणार असाल तर माटोळीचे (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीचे) हूक आत्ताच स्लॅबमध्ये किंवा वाशाला मारून घ्या, नारळ-सुपाऱ्यांचं वजन बोर्डावर टांगायचं नाही. चवथीपर्यंत सगळं होणार नसेल तर टेप आणि पहिला हात करून तसंच ठेवा, मखराच्या मागे पडदा लावा, पुट्टी आणि रंग पाऊस ओसरल्यावर.