खुर्चीत बसायला शीक

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

नाइन-बॉलच्या, म्हणजे नऊ बॉलांच्या पूलच्या, जागतिक स्पर्धेसाठी जेद्दाला जाणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव लागलं, हे काल तुझ्याच तोंडून ऐकलं. तू भराभर विचारत होतास, ब्रेकचा क्यू बदलू का, जंप क्यू नवा घेऊ का, आणि मी नुसता हो-हो करत होतो. जे सांगायचं होतं ते फोनवर धड आलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या हाताची मला काळजी नाही. तू बारा वर्षांचा होतास तेव्हापासून तो हात मी बघतोय. टेबलाचंही तू निभावशील. बारा फुटी स्नूकर टेबलावरून आलेल्या आपल्या मुलांना पूलचं नऊ फुटी टेबल सुरुवातीला मैदानातून अंगणात आल्यासारखं छोटं वाटतं, मग कळतं की स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा आणि हा ५७.१५ चा, आणि तिथल्या मोठ्या स्पर्धांत कोपऱ्याचं पॉकेट जेमतेम चार इंचांचं असतं. कुशन घासत गेलेला बॉल पॉकेटच्या ओठावर थरथरतो आणि तिथेच राहतो. हे तू दोन दिवसांत अंगवळणी पाडशील.

मला काळजी आहे ती तुझ्या बसण्याची.

कबड्डीत गडी बाद होऊन बाहेर बसतो, तेव्हा त्याचे बाकीचे आत झुंजत असतात. आपल्या खेळात तू खुर्चीत बसलास की तुझ्या बाजूने कोणीच खेळत नसतं. समोरच्याने ब्रेक केला, म्हणजे पहिल्या फटक्याने बॉल फोडले, त्यात बॉल पडला, एकपासून नऊपर्यंत टेबल साफ केलं, की तुझ्या नावावर एकही शॉट न लागता रॅक, म्हणजे अख्खा डाव, गेला. त्यात जिंकणाऱ्याचाच पुढचा ब्रेक असा नियम असला, तर तो असे तीन-चार रॅक ओळीने काढू शकतो. बिलियर्ड्सवाल्यांना हे आपल्याआधी कळलंय. १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत आपल्या गीत सेठींनी १२७६ चा ब्रेक मारला, म्हणजे एकाच खेपेत न चुकता तेवढे गुण काढले, त्याचं कौतुक आपण अजून करतो. मला मात्र नेहमी वाटतं, तेवढा वेळ समोरचा माणूस कसा बसला असेल?

माझं सांगतो. परदेशातली माझी पहिली स्पर्धा. ४-३ ने मी पुढे होतो. एक सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा बचावाचा फटका, अर्धी पडली आणि त्यानंतर मी पाच रॅक खुर्चीत होतो. पहिल्या रॅकला मी त्याचे बॉल मोजत होतो, दुसऱ्याला तो चुकावा म्हणून देवाला आळवत होतो. तिसऱ्यापासून मनात मुंबईला फोन करून घरी काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागलो. एसीचा झोत नेमका मानेवर येत होता. सहाव्या रॅकला त्याने सहा नंबर चुकवला. मी उठलो तेव्हा बोटं गार पडली होती, उजवा पाय मुंग्या येऊन जड झाला होता. समोर सहा, आठ, नऊ, तीनच बॉल. सहा सरळ होता, पार्लरमध्ये डोळे झाकून घातला असता. मी चॉक लावायचाही विसरलो. क्यूचं टोक, टिप, घसरली, सहा पॉकेटच्या जबड्याला लागून बाहेर आला, आणि तो आवाज मला आजही ओळखता येतो. मॅच मी ९-४ ने हरलो. कितीतरी वर्षं मी म्हणत राहिलो की हात कापला. हात नव्हता कापला रे. मी टेबलाशी आलोच नव्हतो, अजून खुर्चीतच होतो.

म्हणून तुला तीन माणसांचं सांगतो. मोठ्या मॅच बघताना तू फक्त खेळणाऱ्याकडे बघतोस. आता बसलेल्याकडेही बघ.

२०२१ ची पूलची यूएस ओपन, अटलांटिक सिटी. फायनलमध्ये सिंगापूरचा अलॉयशियस याप ८-३ ने पुढे होता. फिलिपीन्सचा कार्लो बियाडो खुर्चीतून उठला आणि ओळीने दहा रॅक जिंकून १३-८ ने फायनल घेऊन गेला. हा बियाडो पूर्वी गोल्फ कोर्सवर कॅडी होता. दुसऱ्याच्या शॉटवर लक्ष ठेवत तासन्‌तास शांत राहायची सवय त्याला तिथेच लागली असावी, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण तो ८-३ ला कसा बसला होता ते जाऊन बघ. खांदे सैल, नजर टेबलावर.

दुसरा तैवानचा वू जिया-छिंग. २००५ ची जागतिक स्पर्धा, काओशुंग, वय १६. आधी १७ रॅक घेईल त्याची फायनल, समोर त्याच्याच देशाचा कुओ पो-चेंग, स्कोअर १२-१६. कुओला एकच रॅक हवा होता. मुलाने पाचही घेतले आणि १७-१६ ने तो जगज्जेता झाला. लोक त्या मुलाचं नाव घेतात, घ्यायलाच हवं. माझं मन मात्र कुओकडे जातं. एक रॅक, फक्त एक, आणि तो खुर्चीतून उठतोय, बसतोय.

तिसरा फिलिपीन्सचा फ्रान्सिस्को बुस्तामान्ते. याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. २००२ ची कार्डिफची जागतिक स्पर्धा चालू असतानाच त्याची तान्ही मुलगी तिकडे मायदेशी वारली. तो खेळत राहिला, फायनलपर्यंत पोचला आणि अर्ल स्ट्रिकलंडकडून १७-१५ ने हरला. असं दुःख उरात घेऊन त्या खुर्चीत कसं बसायचं, हे मी तुला शिकवू शकत नाही, कोणीच शिकवू शकत नाही. पुढे २०१० साली दोह्यात, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो जगज्जेता झाला. फायनलला समोर होता तोच कुओ पो-चेंग.

आता बसायचं कसं. स्कोअरबोर्ड तुझ्या नजरेच्या रेषेत असेल तर खुर्ची थोडी तिरकी करून घे, रेफरी हरकत घेत नाहीत. दोन्ही पाय जमिनीवर ठेव, पायावर पाय टाकून बसू नकोस, मुंग्या येतात. मांडीवर टॉवेल, त्याखाली ब्रिजचा, म्हणजे क्यू टेकवायचा, हात. क्यूचा पुढचा भाग, शाफ्ट, पुसायचा असेल तर पूस, पण उगाच चाळा म्हणून नको. आणि बॉल पडतोय की नाही हे बघू नकोस, क्यूने मारायचा पांढरा बॉल कसा फिरतो ते बघ. नवं कापड सुरुवातीला घसरतं, कुशनवरून पांढरा जरा जास्तच उघडतो. समोरच्याचा पांढरा हव्या त्या जागेच्या दोनदा पुढे गेला तर ती त्याची चूक नसेल, टेबलाचा स्वभाव असेल. त्याच्या ब्रेकला कडेचा बॉल पॉकेटात जातोय की वर लागतोय? पांढरा मध्यावर थांबतोय का? नऊ नंबरचा बॉल स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या खुणेवर, लावून ब्रेक करायचा असेल तर याला फार किंमत आहे. ही सगळी माहिती तो तुला फुकट देत असतो. मी त्या दिवशी पाच रॅक बसलो आणि त्यातलं काहीच घेतलं नाही.

उठलास की लगेच वाकू नकोस. तीस सेकंदांची घड्याळं असतात आणि रॅकमागे एकदा वेळ वाढवून मिळते. बराच वेळ बसून उठल्यावरचा पहिला शॉट, ती वाढीव वेळ तिथे खर्च कर. टेबलाला एक फेरी मार, पायात रक्त येऊ दे, चॉक लाव. आणि भुकेला माणूस कच्चंही खातो, तसा बसून कंटाळलेला खेळाडू बॉल जायची शक्यता नसतानाही तो पॉकेटात मारायला जातो. सेफ्टी दिसत असेल तर सेफ्टीच खेळ, मग पुन्हा बसावं लागलं तरी चालेल.

अमेरिकेच्या शेन व्हॅन बोनिंगला जन्मापासून नीट ऐकू येत नाही, कानाला यंत्र असतं. खेळताना तो ते बंद करतो. २०१६ ला दोह्यात अल्बिन औशानकडून जागतिक फायनल हरला आणि २०२२ ला त्याच औशानला १३-६ ने हरवून पहिल्यांदा जगज्जेता झाला. तुझ्याकडे बंद करायला बटण नाही. म्हणून येत्या तीन रविवारी पार्लर उघडायच्या आधी, सातला ये. डावीकडच्या टेबलाशेजारची लाकडी खुर्ची मी एसीखाली लावून ठेवतो. मी एकटा खेळेन, रॅकवर रॅक, आणि तू बसशील. मी चुकलो की उठायचं आणि जे उरलंय ते साफ करायचं. मोबाइल काउंटरवर ठेव, आणि स्वेटर आणू नकोस.

तुझा,
सर