मॅनेजरांचे प्रश्न : ‘दिवाळीनंतर बोलतो’ हे बंद करा

कोल्हापूरच्या एमआयडीसींत शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागल, सगळीकडनं तोच घोळ कळवला जातोय. चांगल्या कारागिराला एक दिवस सुपरवायझर करतात आणि माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणीच शिकवत नाही. म्हणून परत लिहितोय.

प्रश्न : कालपर्यंत बरोबर काम करणाऱ्यांचाच मी सुपरवायझर झालोय. त्यांच्यासोबत चहाला जावं का?

जावा की. रजा आणि ओव्हरटाइमचं तेवढं टपरीवर ठरवू नका.

प्रश्न : हॉटेलात दोन दिवसांचा लीडरशिप कोर्स आहे, पर्सनॅलिटी टेस्ट पण घेतात. ते म्हणतात बोलण्यात शब्दांना फक्त 7 टक्के महत्त्व, बाकी आवाज नि बॉडी लँग्वेज. पैसे भरू का?

या 7 टक्क्यांनी कान किटलेत. अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतला तो आकडा, आणि ते प्रयोग होते समोरच्याची भावना, आवडनावड कशी ओळखू येते यावर. फर्नेसवाल्याला टेंपरेचर सांगताना शब्दच लागतात ना! टेस्टचंही तेच, मायर्स-ब्रिग्ज टेस्ट विकणारी कंपनी स्वतःच सांगते की माणूस निवडायला ती वापरू नका, आणि इथं त्यावरनं टीम लीडर ठरवतात. कोर्सवाल्याला एकच विचारा, नंतर माझ्या शॉपवर येऊन माझं काम बघणार का? नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तरी आधी एचआरशी बोला, खर्च कंपनीही करेल.

प्रश्न : मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायच्या विभागात, एक जुने मामा आहेत, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. त्यांच्या लाइनचं रिजेक्शन वाढलंय. वाईट वाटेल म्हणून दिवाळीनंतर अप्रेझललाच बोलावं म्हणतोय.

अजिबात नको. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. तुम्ही आज बोलत नाही, मग रोज मनातल्या मनात चिडता, मग एक दिवस चार पोरांसमोर आवाज चढतो आणि अप्रेझलला सहा महिन्यांचा हिशेब एकदम बाहेर निघतो, आणि मामा म्हणतात तेव्हाच का सांगितलं नाही? त्यांचं बरोबरच असतं. तोवर त्या साच्यांतनं किती कास्टिंग (ओतलेले भाग) भंगारात गेली ते वेगळंच.

उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्यांना एकट्याला बाजूला घ्या, हातात खराब कास्टिंग असू दे. “मामा, काल तुमच्या लाइनच्या कास्टिंगमध्ये वाळू अडकलेली निघाली. साचा बंद करायच्या आधी काय अडचण येतेय?” एवढंच बोला आणि गप्प बसा. “तुमचं हल्ली लक्ष नसतं” असलं काही बोलू नका, त्यातनं कुणालाच काही कळत नाही. कदाचित साचा फुंकायच्या होजलाच हवेचं प्रेशर नसेल, कदाचित मामांना जवळचं नीट दिसत नसेल, मग चिडून काय उपयोग, मेंटेनन्सला नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवायला हवं. काय ठरलं ते वहीत तारखेसकट लिहा आणि तीन-चार दिवसांनी स्वतः लाइनवर जाऊन बघा. सुधारलं असेल तर तेही तोंडावर सांगा, ते सांगायलाच लोक विसरतात. आणि विषय मेमोवर जाणार असं वाटलं तर आधी एचआर नि लेबर लॉ सल्लागार. स्वतःच्या मनानं पगार कापायचा नाही.

प्रश्न : चुकीच्या जॉबचे, म्हणजे बिघडलेल्या भागाचे, फोटो ग्रुपवर टाकले तर चालेल का?

फोटो टाका, नाव नको.

प्रश्न : सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) नवीन पोरांना दोनदा दाखवलं तरी चुकतात.

दाखवलं म्हणजे शिकवलं नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरली तेव्हा सुपरवायझरांना चार पायऱ्या शिकवल्या : आधी त्याला काय येतं ते विचारा, मग एकेक टप्पा कारणासकट दाखवा, मग त्याच्याकडनं करून घ्या आणि त्यालाच ‘असं का’ ते बोलायला लावा, मग अधूनमधून तपासा. आपल्याकडं तिसरी पायरीच गाळतात. पोरगं मान हलवतं आणि साहेब निघून जातात. ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या मापाचा फरक) टाकायला शिकवताना आधी प्रॉडक्शन हेडशी बोलून जुना मोडका जॉब मागून घ्या, त्यावर चुकू दे.

प्रश्न : माझ्या लाइनवरच्या मुलीला एक सिनियर घाणेरडं बोलतो. ती म्हणते कुणाला सांगू नका, मीच त्याला दम देऊ का?

नाही. मिटवामिटवी तुमच्या हातात घेऊ नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. लेखी तक्रार 3 महिन्यांच्या आत द्यायची असते, म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालणार नाही. तक्रार द्यायची की नाही हे तिलाच ठरवू दे, पण समितीची अध्यक्ष बाईच असते हे तिला सांगा आणि त्यांचं नाव, फोन नंबर आजच कागदावर लिहून द्या.