वाचक विचारतात : मेंडोलिनच्या तारा काढल्या आणि घोडी हातात आली

प्रश्न : नमस्कार दादा, बाबांचं मेंडोलिन आहे, ते पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होतं. तारा पार गंजलेल्या म्हणून नवीन सेट आणला, आठच्या आठ तारा काढून टाकल्या आणि खालची लाकडी घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती) एकदम सुटून हातातच आली. माझ्याकडून तुटली का? फेविकॉलने चिकटवू का? मी आजवर कुठलंच वाद्य वाजवलेलं नाही.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : काही तुटलेलं नाही, अजिबात घाबरू नका, आणि फेविकॉलची बाटली आधी कपाटात ठेवून द्या. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसतेच, व्हायोलिनसारखंच आहे ते, फक्त तारांच्या दाबावर उभी असते. आठ तारांचा मिळून 70-80 किलोच्या घरात ताण असतो, त्यातला काही भाग घोडीला खाली दाबून धरतो, तो दाब गेला की ती सुटणारच. म्हणून पुढच्या वेळेपासून एक तार काढायची, तिची नवीन लावायची, थोडी ताणायची, मगच दुसरीला हात लावायचा, म्हणजे घोडी जागची हलत नाही.

आता ती परत कुठे बसवायची हे महत्त्वाचं, कारण घोडी दोन-तीन मिलिमीटर जरी सरकली तरी वरच्या, म्हणजे चढ्या सुरांच्या पडद्यांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर बेसूर लागतात आणि नवीन माणसाला वाटतं आपलाच हात वाईट. आधी उजेडात नीट बघा, इतकी वर्षं घोडी जिथे होती तिथे पॉलिशवर तिच्या पायांचे ठसे बहुतेक दिसतील. मग पट्टी घ्या, वरच्या नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) 12 व्या पडद्यापर्यंत मोजा (नेहमीच्या मापाच्या मेंडोलिनवर साधारण साडेसतरा सेंटिमीटर भरतं), तेवढंच अंतर 12 व्या पडद्यापासून खाली मोजा, घोडी तिथेच किंवा किंचित खाली येते. बारीक खाचांची बाजू बारीक तारांकडे, म्हणजे वाद्य मांडीवर धरल्यावर जमिनीच्या बाजूला.

मग आधी फक्त कडेच्या दोन तारा लावा, एक जाड G आणि एक बारीक E (तारांच्या चार जोड्या जाडीकडून बारीककडे G, D, A, E अशा असतात). तारेच्या टोकाला फासा असतो तो टेलपीसच्या (वाद्याच्या खालच्या टोकाची धातूची पट्टी) हुकात अडकवायचा, आणि वरती खुंटीवर गुंडाळून होईपर्यंत दुसऱ्या हाताने तार ओढून धरायची, नाहीतर फासा दहा वेळा निसटतो आणि माणूस वैतागून जातो. जाड तारेला दोन-तीन वेढे पुरतात, बारीक तार घसरते म्हणून तिला पाच-सहा द्या. या दोन तारा सैलसर ताणल्या की खाली घोडी सरकवा, परत मोजा, मग बाकीच्या सहा लावा. नटच्या खाचांमध्ये साध्या पेन्सिलचं शिसं घासलं तर तार अडकत नाही.

एकदम पूर्ण सुरात नेऊ नका. सगळ्या आधी थोड्या खाली ठेवा, मग हळूहळू वर. ट्यूनिंग करताना तारा घोडीचं डोकं नटकडे ओढतात आणि ती वाकायला लागते, म्हणून मधेमधे बाजूने बघत राहा आणि वाकली तर तारा जरा सैल करून दोन्ही हातांनी सरळ करा. शेवटची तपासणी : 12 व्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटीसारखा स्वर येतो, मग तोच पडदा दाबून छेडा. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी टेलपीसकडे, उतरा आला तर पडद्यांकडे, केसभरच सरकवायची.

आणि बाबा असतील तर त्यांना शेजारी बसवून करा हे काम. ऑर्केस्ट्रातल्या माणसाचा कान आयुष्यभर जात नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर सुद्धा लहानपणापासून मेंडोलिनच वाजवायचे, त्यांच्या गाण्यांचा विषय काढून बघा, बाबा स्वतःच वाद्य हातात घेतील.

प्रश्न : माझी E तार दर वेळी ट्यून करताना तुटते, दोन सेट वाया गेले. तार खराब आहे का?

उत्तर : तार खराब असेल असं मला वाटत नाही, बहुतेक तुम्ही एक सप्तक वर जाताय. मोबाईलचा ट्यूनर नुसता E दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते सगळे अ‍ॅप सांगत नाहीत. अ‍ॅप गिटारवर नाही, क्रोमॅटिकवर (सगळे बारा स्वर ओळखणारी सेटिंग) ठेवा, आणि शेजारची A आधी लावून घ्या (440 हर्ट्झ). तिचा सातवा पडदा दाबला की जो स्वर येतो तोच उघड्या E चा, तेवढंच जायचं, त्यापुढे खुंटीचा एकही वेढा नको. तरीही दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर तिथे बोट फिरवून बघा, नटची किंवा खुंटीच्या भोकाची कड धारदार असेल, बारीक पॉलिश पेपरने हळूच घासा. चेहरा मात्र तारेवर वाकवून ट्यून करू नका प्लीज, ही तार तुटून डोळ्यात जाऊ शकते.

प्रश्न : आमच्या गावात मेंडोलिनच्या तारा मिळत नाहीत, गिटारच्या चालतील?

उत्तर : E आणि A साठी चालतील, त्या साध्या पोलादी तारा आहेत. E ला 10 नंबर, A ला 14 (नंबर म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी गोळी असते ती पकडीने दाबून काढा, फासा तयार. G आणि D मात्र मेंडोलिनच्याच मागवा, आणि वाद्य जुनं असेल तर लाईट (बारीक तारांचा) सेटच, जाड तारांनी मान वाकते.