नवी मुंबईत पाम बीच रोडला खाडीसमोर होणाऱ्या काचेच्या टॉवरचं एलिव्हेशन (बाहेरून दिसणारं रूप) कसं वाटतं?

तुम्ही ब्रोशरमधल्या चित्राचं वर्णन दिलंय: पश्चिमेला वरपासून खालपर्यंत काच, मधून सोनेरी उभ्या पट्ट्या, गोलसर कोपरे, आणि बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतलेली. घरच्यांना ते फार आवडलंय आणि तुम्हाला बाहेरच्या कुणाचं तरी मत हवंय. मी नेरूळला राहते आणि सोसायट्यांच्या बाहेरच्या दुरुस्तीची कामं बघते. चित्र देखणं आहे, पण खाडीकाठी अशी इमारत उभी करू नये असं माझं ठाम मत आहे.

सानपाडा ते नेरूळ या पट्ट्यात खाडी पश्चिमेला येते. म्हणजे व्ह्यू, दुपारनंतरचं ऊन आणि नैऋत्येकडून झोडपणारा पाऊस, तिन्ही एकाच भिंतीवर. जिथे सावली आणि आडोसा सगळ्यात जास्त लागतो, नेमकी तीच बाजू आपण काचेने उघडी टाकतो, कारण फ्लॅट व्ह्यूवर विकला जातो. मग दुपारी तीननंतर पडदे ओढायचे आणि एसी लावायचा. ज्या खाडीसाठी जादा पैसे मोजले ती दिसतच नाही.

याचं उत्तर कधीच शोधलं गेलंय, तेही याच शहराशी नातं असलेल्या माणसाने. चार्ल्स कोरिया हे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेचे सुरुवातीचे मुख्य वास्तुविशारद. त्यांची मुंबईतली कांचनजंगा ही उंच इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिथेही समुद्र पश्चिमेला, ऊनपाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा, तीच युक्ती त्यांनी उंच इमारतीत आणली: कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या, राहत्या खोल्या त्यांच्या आत. वारा मिळतो, समुद्र दिसतो, आणि ऊनपाऊस आधी गच्चीवर अडतो. म्हणून तुमच्या टॉवरमध्ये बाल्कनी हॉलमध्ये घेतलीय हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला दोन फुटी छज्जा पुरत नाही, सूर्य उतरला की ऊन त्याच्याखालून आत शिरतं. तिथे खोल बाल्कनीच लागते, नाहीतर उभ्या झडपा.

छज्जा तरीही हवा, तो पावसासाठी. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, एक बारीक खाच ठेवतात. आम्ही तिला ड्रिप मोल्ड म्हणतो. पाणी तिथे तुटून खाली पडतं. खाच नसली की तेच पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून भिंतीपर्यंत सरकतं, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओल येते आणि आतल्या रंगाचे पापुद्रे सुटतात. ब्रोशरच्या चित्रात ही खाच कधीच दिसत नाही, साइटवर मान वर करून बघितलं की लगेच कळते.

सोनेरी पट्ट्यांबद्दल बिल्डरला थेट विचारा: त्या कशाच्या आहेत आणि त्यांना धरणारे स्क्रू, क्लँप कशाचे आहेत? खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की सांध्यापाशी झीज लवकर सुरू होते. पट्टी चांगली राहते, पण तिची पकड जाते. आणि इतक्या उंचीवर ती बदलायची तर कामगारांचा झुला टांगायला सगळ्यात वरच्या गच्चीवर पक्के आधार हवेत, तेही विचारा. रेरा या घरखरेदीच्या कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. त्यानंतरचं सगळं सोसायटीच्या खिशातून.

गोलसर कोपरे मात्र छान आहेत, ते तसेच राहू देत.

आता पक्षी. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत नेरूळच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात, बाकीचे काही पक्षी तर बारमाही. काचेत आभाळाचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी त्याला खरं आभाळ समजून धडकतो. त्यावर रात्रभर दर्शनी भागाची रोषणाई खाडीकडे तोंड करून. फ्लेमिंगोंचे फोटो छापून फ्लॅट विकायचे आणि त्यांच्याच वाटेत हे उभं करायचं, याचा मला मनापासून राग येतो. काचेवर बारीक ठिपक्यांची नक्षी करता येते, मध्यरात्रीनंतर दिवे बंद ठेवता येतात. बुकिंग करणाऱ्या लोकांनी मागितलं तरच हे होईल, म्हणून तुम्ही मागा.

पैसे भरण्याआधी त्याच बिल्डरची खाडीकाठची आठ-दहा वर्षं जुनी इमारत शोधा आणि जुलैत तिथल्या पश्चिमेच्या एखाद्या घरात जाऊन या. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं आहेत का बघा. तिथे जुने टॉवेल खोचून ठेवलेले दिसले तर काय ते समजा. आणि याच टॉवरमध्ये घ्यायचं ठरलंच असेल तर उत्तरेकडचा फ्लॅट मागा. खाडी थोडी तिरकी दिसेल, पण पडदे दिवसभर उघडे ठेवता येतील.