वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर: विकावं, ठेवावं की आधी चकचकीत करावं?

प्रश्न: वडिलांचं स्मिथ अँड वेसन मॉडेल १९ रिव्हॉल्व्हर सगळी कागदपत्रं पूर्ण होऊन माझ्या ताब्यात आलं आहे. वारसा भावाचा आणि माझा, निम्मा-निम्मा. ऑनलाइन अशाच रिव्हॉल्व्हरला मोठी किंमत लावलेली दिसली, पण शस्त्रविक्रेता मला त्याच्या निम्मीही द्यायला तयार नाही. गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, म्हणतो, नव्याने ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) करून घ्या, भाव वाढेल. भावाला ते ठेवायचं आहे. माझ्या क्रेडिट कार्डाची बाकी २४ टक्के व्याजाने चढते आहे. काय करू?

उत्तर: ब्लूइंगचं आधी सांगतो, कारण तो खर्च तुम्ही घाईत करून बसाल अशी मला काळजी वाटते. करू नका. जुन्या रिव्हॉल्व्हरला चांगला भाव देणारा बहुतेक वेळा संग्राहक असतो आणि त्याला कारखान्यातला मूळ थर हवा असतो, थोडा झिजलेला असला तरी. नव्या ब्लूइंगआधी पोलाद घासावं लागतं. त्यात धारदार कडा गोलावतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. जुनं नाणं घासून लख्ख केलं की त्याचा भाव उतरतो, तसाच हा प्रकार.

आता तुमच्या हातात नेमकं काय आहे ते बघा. सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, बाहेर झुलवा आणि रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. आतल्या चौकटीवर मॉडेल क्रमांक उमटवलेला असतो. हे मॉडेल १९५५ साली आलं, क्रमांक उमटवायला कंपनीने १९५७ पासून सुरुवात केली. १९ च्या पुढे डॅश आणि आकडा असेल तर तोही टिपून घ्या, कारण प्रत्येक आकडा बनावटीतला एक बदल दाखवतो आणि त्यावरून काळ ठरतो. नळी चौकटीत आडव्या पिनेने पक्की केलेली आहे का? ती पद्धत १९८२ च्या सुमारास बंद झाली आणि पिनेवाल्या रिव्हॉल्व्हरना संग्राहक जास्त मोजतात. २०१८ मध्ये कंपनीने हे मॉडेल पुन्हा बाजारात आणलं. म्हणजे नुसता नेमबाजीसाठी घेणारा नवंच घेऊ शकतो; जुन्याला वरचा भाव मिळतो तो मूळपणासाठी. म्हणून वडिलांनी रबरी मूठ बसवली असेल तर मूळ लाकडी मूठ, खोका, माहितीपत्रक घरात कुठे पडलंय का ते नीट शोधा. या वस्तूंनी किंमत खरोखर हलते.

तपासणी मात्र दुसऱ्या, विक्रीत हितसंबंध नसलेल्या गनस्मिथकडून लेखी करून घ्या. घोडा सावकाश मागे ओढताना सिलिंडर वेळेवर जागी अडकतं का, ते मागे-पुढे हलतं का, नळीत गंजाचे खड्डे आहेत का, हे त्याने पाहावं. आणि या मॉडेलमध्ये हमखास पाहायची जागा म्हणजे फोर्सिंग कोन, नळीचं सिलिंडरकडचं तोंड. खालच्या बाजूला तिथलं पोलाद पातळ आहे. हलक्या गोळीची .३५७ मॅग्नम ही जोरदार काडतुसं भरपूर झाडली असतील तर नेमकी तिथे चीर जाते. चीर निघाली तर वरच्या सगळ्या हिशेबाला अर्थ उरत नाही.

किंमत कशी धरायची? लावलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. पूर्ण झालेल्या लिलावांत, त्याच डॅश क्रमांकाची, तितक्याच लांबीच्या नळीची आणि तशाच अवस्थेतली रिव्हॉल्व्हर कितीला गेली ते पाहा. समजा लावलेली किंमत १०० आहे आणि सौदे ८० ला होतात. कमिशन, पाठवणी आणि कायदेशीर हस्तांतर यात १५ गेले तर हातात ६५. विक्रेत्याने ४५ देऊ केले तर तो तुम्हाला लुबाडतोय असं समजू नका. त्याला मालात पैसा अडकवून ठेवायचा आहे, परवाना सांभाळायचा आहे. पण थांबायची तयारी असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत कमिशनवर विकणं सहसा फायद्याचं पडतं.

‘भाव वाढतील, ठेवू या’ हा विचार तुमच्या बाबतीत टिकत नाही. कार्डाची बाकी तशीच ठेवून रिव्हॉल्व्हर सांभाळायचं तर त्याने दरवर्षी २४ टक्क्यांहून जास्त वाढायला हवं. सामान्य वापरलेल्या रिव्हॉल्व्हरकडून मी ती अपेक्षा कधीच धरणार नाही.

माझ्या मते भावालाच ते घेऊ द्या. त्याला ठेवायचंच आहे, आणि वडिलांची वस्तू घरात राहील. मात्र तुमचा निम्मा हिस्सा लावलेल्या किमतीवर मागू नका आणि विक्रेत्याच्या ४५ वरही सोडू नका. विकून हातात आले असते ते ६५ धरा, म्हणजे तुमचे साडेबत्तीस. तपासणीचा अहवाल आणि झालेल्या सौद्यांचे भाव त्याच्यासमोर ठेवा, आकडा लिहून दोघांनी सह्या करा. शस्त्र त्याच्या नावावर रीतसर झाल्याशिवाय त्याच्याकडे सोपवू नका. पैसे आले की त्याच दिवशी कार्डात भरा.